वीस मिनिटं आणि सहा महिने

एचआयव्हीच्या रॅपिड टेस्टला फार वेळ लागत नाही. रक्त फिरवून सीरम वेगळं काढायला पाच-दहा मिनिटं, किटवर थेंब टाकायला काही सेकंद, वर बफर, आणि मग टायमर. किट कुठलं आहे त्यावर पंधरा नाहीतर वीस मिनिटं. ही टेस्ट मी गेली अकरा वर्षं करतो आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी रुग्णालयाच्या आवारात जे आयसीटीसी आहे तिथे मी लॅब टेक्निशियन आहे. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्र. हे पूर्ण नाव बोर्डावर आहे, पण ते कुणी तोंडाने उच्चारल्याचं मला आठवत नाही. लोक 'तेरा नंबर' म्हणतात, कारण खोलीचा नंबर तेरा. "तेरा नंबरला जाऊन या" असं ओपीडीतल्या सिस्टरनी सांगितलं की माणसाला सगळं समजतं आणि शेजारच्यालाही समजतं, हा भाग वेगळा.

भिंतीच्या माझ्या बाजूला ती वीस मिनिटं म्हणजे रजिस्टर भरायचं, फ्रिजचं तापमान लिहायचं, चहा. पलीकडे बाक आहे. लॅबच्या दाराला खाली चारेक बोटं फट आहे आणि तिच्यातून बाकावर बसलेल्यांचे फक्त पाय दिसतात. माणसं चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत, पाय मात्र राहवत नाहीत. कुणाचा पंजा सारखा हलतो, कुणी चपलेतून पाय काढतो-घालतो, कुणाचे दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतलेले. नवरा-बायको आले असतील तर चार पाय, आणि त्यांच्यातलं अंतर.

पहिल्या किटवर एकच रेघ उमटली, म्हणजे कंट्रोलची, तर काम संपलं: नॉन-रिअॅक्टिव्ह. दुसरीही उमटली तर लगेच कुणाला काही सांगायचं नसतं. वेगळ्या बनावटीच्या दुसऱ्या किटवर करायचं, मग तिसऱ्या. तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच रिपोर्ट पॉझिटिव्ह. म्हणजे ज्याचं काही नाही त्याचा रिपोर्ट लवकर तयार होतो आणि ज्याचं आहे त्याला उशीर लागतो, आणि बाकावरच्या माणसांना हे न शिकवता कळतं. आपल्यानंतर आलेला आत जाऊन बाहेर आला की पाय थांबतात. आमच्या समुपदेशक मॅडमनी यावर साधा उपाय काढला होता. रिपोर्ट केव्हाही तयार होवो, सगळ्यांना सारखंच थांबवायचं, तासभर, आणि ज्या क्रमाने रक्त दिलं त्याच क्रमाने आत बोलवायचं. गर्दीच्या दिवशी लोक कुरकुरतात. मॅडम ऐकत नाहीत.

पूर्वी हे तासाभराचं नव्हतं. मला ज्यांनी काम शिकवलं ते सर एलायझाच्या काळातले. एलायझाच्या प्लेटला शहाण्णव खळगे असतात. दोन-चार नमुन्यांसाठी अख्खी प्लेट कोण लावणार? म्हणून नमुने साठेपर्यंत थांबायचं. माणसाला आठवड्याने या, दहा दिवसांनी या असं सांगायचं. सर म्हणायचे, निम्मे परत यायचेच नाहीत. त्यांना मरणाची भीती नसायची, खिडकीवर जाऊन विचारायची भीती असायची.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला 1986 साली, मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या विद्यार्थिनीला, निर्मला यांना, हा विषय दिला होता. निर्मलांनी शरीरविक्रय करणाऱ्या बायकांचं रक्त गोळा केलं, घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेलं, कारण तपासणीची सोय तिथे होती. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. आमच्या कामात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती आहेच तशी. पण मला त्यातला दुसरा भाग लक्षात राहतो. रक्त नेमकं कशासाठी घेतलंय हे त्या बायकांना सांगितलेलं नव्हतं. तेव्हा तशी पद्धतच नव्हती, आणि त्या रोगाचं नाव त्यांनी ऐकलेलंही नसावं. म्हणजे देशातल्या पहिल्या रिपोर्टची वाट ज्यांचं रक्त होतं त्यांनी पाहिलीच नाही. आज 2017च्या कायद्याने माणसाची संमती घेतल्याशिवाय, त्याला समजावून सांगितल्याशिवाय ही टेस्ट करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र समजावून सांगितलं की त्याबरोबर वाट पाहणंही हातात येतं.

माझ्या हातात ते आलं सोमवारी, 25 जुलै 2022 रोजी, साडेअकराच्या सुमाराला.

आषाढी होऊन पंधरा दिवस झाले होते, वारीच्या ड्युटीवर गेलेले सगळे परतले होते. पंचेचाळिशीचे एक गवंडी मामा आले होते. हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत त्यांचं निघालं होतं, आमच्याकडे तिन्ही किटवर पक्कं झालं होतं, आणि औषधं सुरू करण्याआधीच्या तपासण्यांसाठी रक्त घ्यायचं होतं. सुई शिरेत बसली, ट्यूब भरत आली, आणि मामांना घेरी आली. काही लोकांना रक्त बघून येते तशी. हात झटकला गेला, सुई बाहेर आली आणि माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीत ग्लोव्ह्जमधून आत गेली. आधी त्यांना आडवं केलं, पाय वर घेतले. मग बोटाकडे बघितलं. मोहरीएवढा थेंब.

काय करायचं ते पाठ असतं. साबण आणि वाहतं पाणी. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट चोळायचं नाही. मेडिकल ऑफिसरना सांगायचं. औषध शक्यतो दोन तासांत सुरू करायचं, कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत. मला चाळीस मिनिटांत पहिली गोळी मिळाली. तीन औषधं एकातच असलेली मोठी लांबट गोळी, दिवसाला एक, 28 दिवस. मग सहा आठवड्यांनी टेस्ट, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तोवर घरी निरोध वापरायचा, रक्तदान करायचं नाही. हे सगळं मी दुसऱ्यांना सांगताना कितीदा तरी ऐकलं होतं, आणि आमच्या मॅडम ते मला सांगत असताना मी अगदी शहाण्यासारखी मान हलवत होतो. त्या दिवशीची बेसलाइन टेस्ट शेजारच्या तालुक्याच्या केंद्रात झाली, कारण आमच्याकडे टेक्निशियन मी एकटाच आणि स्वतःचं रक्त स्वतः तपासणं बरं नव्हे. ती निगेटिव्ह आली. यायचीच होती. ती टेस्ट सकाळच्या माझ्याबद्दल होती, दुपारच्या नाही.

मामा शुद्धीवर आले तेव्हा मी नळाखाली हात धरून उभा होतो. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, पण गवंडी माणूस, हाताला लागलेलं त्याला कळतं. "सायेब, माझ्यामुळं झालं का वो हे?" आपला रिपोर्ट समजला त्या दिवशी हे गृहस्थ रडले नव्हते, "बरं" एवढंच म्हणाले होते. या वेळी रडले.

आता आकडे. दूषित सुई टोचल्यावर एचआयव्ही लागण्याची सरासरी शक्यता 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. मी त्याच्या एसट्या केल्या. एका गाडीत पन्नास माणसं धरली तर वीस गाड्या. सोलापूर स्टँडवर वीस गाड्या ओळीने उभ्या आहेत, सगळ्या भरलेल्या, आणि त्या सगळ्यांत मिळून तीन माणसं. पुढे, वेळेवर औषध घेतल्याने हा धोका आणखी कमी होतो. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसत्या झिडोव्हुडिननेही तो साधारण 80 टक्क्यांनी उतरलेला दिसला होता. म्हणजे शंभर गाड्या आणि तीन माणसं. हा हिशेब दिवसा फार चांगला चालतो. रात्री दोन वाजता माणूस शंभर गाड्या बघत नाही, तो आपली सीट शोधतो.

आणि दुसरा आकडा बघा. त्याच सुईने हिपॅटायटिस बी लागण्याची शक्यता, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. माझी लस झालेली होती, पण झालेली नसलेले कितीतरी कर्मचारी मी पाहिले आहेत आणि त्यांतला एकही हिपॅटायटिसच्या भीतीने रात्री उठून बसलेला नाही. कारण हिपॅटायटिस झाला तर लोक विचारतात, "पाणी कुठलं पिलास?" एचआयव्ही झाला तर काय विचारतात ते मी तेरा नंबरला बसून रोज ऐकतो. शंभरातले तीस आणि हजारातले तीन यांत हजारातले तीन जड ठरतात, ते आकड्यामुळे नव्हे.

घरी बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती अंगणवाडी सेविका आहे, कुपोषित पोरांची वजनं घेत फिरते, सहजासहजी घाबरत नाही. तिने दोनच प्रश्न विचारले. औषध मिळालं का, आणि मामांचं कोण आहे घरी. मग म्हणाली, "अहो, एक करायचं. रात्री जाग आली तर मला उठवायचं. एकट्यानं छताकडं बघत बसायचं नाही." दुसऱ्या मुलाचं आम्ही त्या उन्हाळ्यात नक्की केलं होतं. ते पुढे ढकललं गेलं, त्यावर आम्ही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. आईला सांगितलं नाही. आईला बी-कॉम्प्लेक्सची गोळी म्हणून सांगितलं, तर तिने मलाही दे म्हटलं. तिच्यासाठी खरोखरची बी-कॉम्प्लेक्स आणून ठेवावी लागली.

गोळीचा त्रास मळमळीएवढाच. झोप मात्र उडाली. त्या तीन औषधांतल्या एकाने झोप जाऊ शकते असं पुस्तकात आहे, म्हणून मी महिनाभर सगळा दोष त्याला दिला. 28 दिवस संपले, गोळी बंद झाली, झोप काही परत आली नाही.

इथे आमच्याकडच्या एका मुलाबद्दल सांगायला हवं. विशीतला, शिकलेला, चांगल्या घरचा. न्हाव्याच्या दुकानात वस्तरा लागला एवढंच निमित्त. चौदा महिन्यांत तो सात वेळा टेस्टला आला, सातही वेळा निगेटिव्ह. रिपोर्ट घेताना त्याचा चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. आणि दोन-तीन दिवसांनी मॅडमना फोन: किट मुदतीत होतं ना? नाव बदललं नसेल ना? घसा दुखतोय, हे लक्षण आहे का? 1097 या हेल्पलाइनवरच्या लोकांनाही बहुधा त्याचा आवाज ओळखू येत असावा. मोबाइलवर तो इतकं वाचायचा की विंडो पीरियडबद्दल त्याला माझ्याइतकं माहीत होतं. रिपोर्ट हे त्याचं औषध नव्हतं, ती त्याची तलफ होती. आठव्या वेळी मॅडमनी टेस्ट करायला चक्क नकार दिला आणि त्याच्या वडिलांशी नव्हे, त्याच्याशीच बोलून त्याला जिल्ह्याच्या मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. तो आता बरा आहे. दसऱ्याला मॅडमना सोनं द्यायला येतो आणि तेरा नंबरच्या दारातूनच परत जातो.

तज्ज्ञांकडे पाठवण्याआधी मॅडमनी त्याला एक गोष्ट करायला सांगितली होती, तीच त्यांनी मलाही सांगितली. रोज संध्याकाळी सात ते सव्वासात काळजी करायची. बसून, ठरवून, वहीत लिहून. दिवसभरात कधी मनात आलं तर त्याला सांगायचं, सात वाजता ये. मला हे पोरकट वाटलं. पण सांगणारी बाई पंधरा वर्षं लोकांना आयुष्यातली सर्वांत वाईट बातमी देत आली आहे, तेव्हा करून बघितलं. पहिले तीन आठवडे खरंच चाललं. दुपारी दोनला भीती आली की मी तिला ओपीडीतल्या माणसासारखं सांगायचो, नंबर सातचा आहे. गंमत अशी की सातला वही घेऊन बसलं की काही सुचायचं नाही. एकदा पाऊण पानभर बोअरच्या मोटरबद्दलच लिहिलं. मग मुलगा पाढे म्हणायला यायचा. चौथ्या आठवड्यात हे मोडलं, कारण ताप आला.

गोकुळाष्टमीच्या आसपासची गोष्ट, पंचविसावा दिवस. अंग मोडून आलं, घसा धरला, मानेशी गाठ लागली. नवीन लागण झालेल्या काही जणांना दोन ते चार आठवड्यांत नेमकं हेच होतं: ताप, घसा, गाठी, अंगावर पुरळ. हे वाक्य मला पाठ होतं आणि पाठ असणं हाच त्रास होता. औषध चालू होतं, पावसाळा होता, अर्धं गाव खोकत होतं, हेही माहीत होतं. मी डेंग्यूची टेस्ट स्वतः लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा, डेंग्यू निघू दे, अशी प्रार्थना केली. नाही निघाला. दोन दिवस शर्ट काढून आरशासमोर पाठ बघायचा प्रयत्न करत होतो. तिसऱ्या दिवशी मुलाला ताप आला, त्याचं नाक वाहू लागलं, संध्याकाळी बायकोचा घसा बसला. पोराच्या कपाळावर हात ठेवून, तो तापलेला आहे हे बघून, मला इतका आनंद झाला की बायकोने विचारलं, "हसताय काय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरंय. आता काढा करा तिघांचा."

सहा आठवड्यांची टेस्ट 5 सप्टेंबरला होती, त्या दिवशी गौरींचं विसर्जन. शेजारच्या तालुक्याला अडतीस किलोमीटर एसटीने गेलो. तिथल्या केंद्रात मला ओळखणारा टेक्निशियन बदलून गेला होता, नवीन मुलगी होती, आणि मी मुद्दाम सांगितलं नाही कोण आहे ते. नाव, वय, संमतीची सही. मला एक नंबर मिळाला. अकरा वर्षं मी लोकांना नंबर देत आलो, स्वतःचा पहिल्यांदा मिळाला. मग बाक.

बाकावर माझ्या एका बाजूला सात-आठ महिन्यांची गरोदर बाई होती, सोबत सासू. गरोदरपणात सगळ्यांचीच करतात, तिला बहुतेक कशाची टेस्ट हेही पुरतं माहीत नसावं. ती गौरीच्या फराळातले करंज्यांचे तुकडे खात होती. दुसऱ्या बाजूला टोपी घातलेला म्हातारा, टीबीच्या औषधावर असावा, खोकत होता. त्याच्या पलीकडे एक तरुण, तोंडाला रुमाल बांधून, कोविड सरल्यावर ज्यांना तो रुमाल सोयीचा वाटतो त्यांच्यातला. त्या तरुणाने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या जिभेवर वाक्य आलं: मी टेक्निशियन आहे, ड्युटीवर सुई लागली.

आमच्या रुग्णालयात ज्या तीन-चार जणांना समजलं त्या सगळ्यांनी हेच म्हटलं होतं. "तुमची काय चूक हो?" चांगल्या मनानेच. पण या वाक्याला दुसरी बाजू असते. माझी चूक नाही म्हणजे कुणाची तरी असते. ती बाकावरच्या बाकीच्यांमध्ये वाटून टाकलेली असते. आमच्या क्षेत्रात पूर्वी रक्तातून किंवा आईकडून लागण झालेल्यांना 'निष्पाप' म्हणायची पद्धत होती, ती आता कागदावरून गेली आहे. तोंडातून गेलेली नाही. मामांना लागण कशी झाली हे मला माहीत नाही, आणि माझ्या रजिस्टरमध्ये त्याचा एक रकाना असला तरी मला ते जाणून घ्यायचं नाही. त्या तरुणाला मी काही सांगितलं नाही. एसटी किती वाजता आहे तेवढं विचारलं.

तासाभराने बोलवलं. नॉन-रिअॅक्टिव्ह.

ज्याला सुटका म्हणतात ती त्या दिवशी संध्याकाळी नदीवर जाईपर्यंत टिकली. गौरी-गणपती पाण्यात सोडताना मनात आलं, अजून दोन राहिल्या. सात वेळा आलेल्या त्या मुलाची आठवण तेव्हा झाली. प्रश्न रक्ताचा असेल तर रिपोर्ट त्याचं उत्तर देतो. प्रश्न दुसरीकडे असेल तर रिपोर्ट तिथे पोचतच नाही.

त्या दोन महिन्यांत मला जे उपयोगी पडलं ते कुठल्या पुस्तकात नसेल. शेंगा. दसऱ्याच्या पुढेमागे रानातून भुईमुगाची पोती आली आणि आईने ती ओसरीवर ओतली. मी रोज रात्री जेवून शेंगा फोडायला बसू लागलो. शेंग फोडायला दोन्ही हात लागतात, म्हणजे हातात मोबाइल राहत नाही. डोक्याला फार काम नसतं पण अगदीच रिकामंही नसतं: कुजका दाणा वेगळा, बारीक वेगळा, बियाण्याचा वेगळा. तासाभरात समोर ढीग दिसतो. बोटं दुखतात, आणि दुखणाऱ्या बोटांना झोप येते. आई खूश होती, इतक्या वर्षांत घरातल्या पुरुषाने शेंगा फोडलेल्या तिने पाहिल्या नव्हत्या. त्या वर्षी आमच्याकडे शेंगाचटणी इतकी झाली की बायकोने अंगणवाडीत वाटली.

तीन महिने भरत होते 25 ऑक्टोबरला. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि भाऊबीज एकत्र, आणि मधल्या त्या दिवशी सूर्यग्रहण, मावळतीला. आईने दुपारपासून पाण्यात तुळशीची पानं टाकून ठेवली, कुणाला काही खाऊ दिलं नाही. मी एरवी तिच्याशी यावरून वाद घालतो. या वेळी गप्प बसलो. ज्याचा सुटण्याचा वेळ पंचांगात मिनिटासकट छापून येतो, त्या ग्रहणाचा मला हेवा वाटत होता. सुट्ट्या संपल्यावर 27 तारखेला गेलो. नॉन-रिअॅक्टिव्ह. आजच्या किटवर तीन महिन्यांनी निगेटिव्ह म्हणजे जवळजवळ संपलंच, हे मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. माझ्याबाबतीत औषध घेतलेलं असल्याने सहा महिन्यांची एक राहिली होती. 'जवळजवळ' हा शब्द आपण फार सहज वापरतो.

मामा दर महिन्याला सोलापूरच्या एआरटी केंद्रातून गोळ्या घेऊन परतताना आमच्या स्टँडवर उतरायचे. पुढची गाडी मिळेपर्यंत तासभर असायचा. ते तेरा नंबरला यायचे, बाकावर न बसता दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "सायेब, तुमचं काय आलं?" पहिल्यांदा मी म्हटलं, अजून वेळ आहे. मग, एक झाली. मग, दोन झाल्या, एक राहिली. त्यांच्या गोळ्या आणि माझ्या गोळ्या एकच होत्या हे त्यांना मीच सांगितलं. मला 28 दिवस, त्यांना रोज, कायम. ते म्हणाले, "रात्री घेता का सकाळी? मला सकाळची बरी पडती. रात्री सपनं पडत्यात." मलाही पडत होती. सोलापूर जिल्ह्यात बसून या गोळीच्या स्वप्नांवर मोकळेपणाने बोलणारी आम्ही दोनच माणसं असू असं तेव्हा वाटायचं, जे अर्थातच खरं नाही; माझ्याच रजिस्टरमध्ये किती आहेत ते मी जाणतो. त्यांनी घरी फक्त बायकोला सांगितलं होतं. तिची टेस्ट निगेटिव्ह आली होती, आणि ती सांगताना मामा जसे बोलले तसं मी माझ्या रिपोर्टबद्दल कधी बोललो नाही.

दिवाळीनंतर एकदा ते पिशवीभर पेरू घेऊन आले. म्हणाले, तुमचा नवस बोललोय, कुठल्या देवाला ते विचारू नका. मी म्हटलं, मामा, स्वतःसाठी बोला की. "माझं ठरलंय," ते म्हणाले, "तुमचं टांगलंय."

सहा महिन्यांची टेस्ट 25 जानेवारी 2023ला झाली. बाकावर त्या दिवशी मी एकटाच होतो. नवीन मुलीला एव्हाना मी कोण ते कळलं होतं, तिने टायमर लावून दार उघडं ठेवलं आणि सर, येऊन बघता का, असं विचारलं. मी नको म्हणालो, बाहेरच बसलो. दाराखालच्या फटीतून तिला माझे पाय दिसत असतील. नॉन-रिअॅक्टिव्ह. परतीच्या गाडीतून बायकोला फोन केला. पलीकडे अंगणवाडीतला पोरांचा गलका चालू होता, तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री मला झोप लागली आणि ती जागी होती, असं तिने नंतर सांगितलं. मी तिला उठवू नये म्हणून सहा महिने ती काय करत होती, हे मी विचारलेलं नाही.

मामा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले. मी त्यांना पहिल्यांदाच आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. मग खिशातून हिरवं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. औषधं सुरू होऊन सहा महिने झाले की व्हायरल लोड तपासतात. औषध लागू पडलंय की नाही ते त्यात कळतं, आणि विषाणू सापडत नाही इतका कमी झाला तर तो माणूस बायकोला लागण देत नाही. त्यांचं रक्त त्याच दिवशी सकाळी सोलापूरला काढलं होतं.

"ह्यात काय लिवलंय ते वाचा," ते म्हणाले. "कधी कळंल?"

रिपोर्टला पंधरा दिवस लागणार होते.